सलीमने केलेली माझी सही

बुध., ४ डिसें.
डॉक्टरकीच्या नोंदणीची मुदत ३१ला संपते. नूतनीकरणाला पाच वर्षांत व्याख्यानांचे तीस पॉइंट लागतात, माझे अठ्ठावीस. दोन भरले नाहीत तर निलंग्यातला दवाखाना बंद. रवि. लातूरला व्याख्यानं. जुना डॉक्टर मित्र सलीम नि मी सातच्या एस.टी.ने जाणार.

रवि., ८, नांदेड
काल अचानक मुलीकडे यावं लागलं, नातीला ताप. आज इथेही व्याख्यानं होती, तिथेच बसलो. सकाळी-दुपारी सही. दोन पॉइंट झाले. सुटलो. सलीमला कळवायचं राहिलं.

सोम., ९
परतलो. सलीम त्याचा दवाखाना उघडण्याआधी इकडे आला, खुशीत. लातूरला क्लासवाल्यांचा हॉल होता. दिवसभर पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसला, समोर भिंतीभर नंबरात आलेल्यांचे फोटो. मग म्हणाला, "तू दिसला न्हाईस. म्हणलं पेशंट आला असंल. तुझी बी सही ठोकली."
मी नांदेडचं सांगितलं. चहा तसाच राहिला.
भूकंपानंतरच्या मदत छावणीतली आमची सवय. हजेरीपट तंबूत यायचा तेव्हा एकजण ढिगाऱ्यापाशी असायचा, दुसरा दोघांच्या सह्या करायचा. वीस वर्षं झाली. तेव्हा कुणी विचारलं नाही.

शुक्र., २०
मेडिकल कौन्सिलचं पत्र. एकाच वेळी लातूर नि नांदेडला हजर कसे? लातूरची सही आपली नसल्यास कोणी केली? खुलासा ३१पर्यंत टपालात पडला पाहिजे. सोबत दोन्ही सह्यांच्या झेरॉक्स. खोट्या सहीला नोंदणी रद्द होऊ शकते, हे खाली बारीक अक्षरात.
बायको, सुधा, म्हणाली, पंचावन्न झाली, अजून कॉलेजातल्यासारख्या हजेऱ्या लावता.

मंगळ., २४
सलीमला पत्र दाखवलं. दोनदा वाचलं त्याने. "लिही की माझं नाव. खोटं थोडंच हाय." मग जाता जाता, धाकटी लातूरला क्लासला आहे, तिलाही डॉक्टर व्हायचंय, आणि बापाचीच पाटी उतरली तर
एवढंच बोलला.

सोम., ३०
कच्चा खुलासा. एक: ८ तारखेला मी नांदेडला होतो. दोन: लातूरची सही माझी नाही. तीन:
खाली नमुन्याच्या तीन सह्या मागितल्यात. केल्या. नांदेडच्या सहीशी जुळतात, आखूड, शेवटी नुसती रेघ. लातूरची पूर्ण नावाची, ठसठशीत. छावणीत मी अशीच करायचो. पुढे पेशंट वाढले, सही आखडत गेली. सलीमच्या हाताला जुनीच माहीत.

मंगळ., ३१
पोस्ट दहाला उघडतं. नऊपासून सलीम ओट्यावर बसलाय. आत ये म्हटलं.
"तू लिहून घे आधी."