डबल बेल

पुणे, ता. २ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आजोबांस, वेदिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

अकादमीने पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. परीक्षा होईपर्यंत पत्रं लिहा म्हणाले. त्यामुळे तुम्हाला माझं अक्षर आणि मला तुमचं, अशी दोघांनाही शिक्षा आहे.

आता कामाचं. माझ्या खोलीतल्या गेमच्या स्टीअरिंगवरची चादर काढा. आई त्याला खेळणं म्हणते, पण त्यात माझी तीन वर्षं गेली आहेत. करिअर मोड म्हणजे तुमच्या नोकरीसारखंच. आधी खटारा गाडी देतात, ती नीट चालवली की मोठी टीम करार करते, आणि नाही चालवली तर हाकलते. युनियन तेवढी नाही. आम्ही आठ मित्रमैत्रिणी हे करिअर एकत्र करतो, उरलेल्या बारा गाड्या कॉम्प्युटर चालवतो. दर रविवारी दुपारी चारला शर्यत. गैरहजर राहिलं की करार रद्द! हंगामाच्या तीन शर्यती उरल्यात. शेवटच्या शर्यतीत पहिल्या दहांत आले तरच टीम मला ठेवणार आहे.

एसटीत चौतीस वर्षं विनाअपघात गाडी चालवलेला माणूस घरात असताना मी बाहेरचा ड्रायव्हर कशाला शोधू? शेजारचा अदनान आमच्यातलाच आहे, तो सगळं लावून देईल. आजीला नमस्कार. लोभ आहेच, गिअर बदलताना तो सुटू देऊ नका.

तुमची,
वेदिका

सिडको, नाशिक, ता. ८ सप्टेंबर २०२५

चि. वेदिकास सावळीराम आजोबांचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या ड्यूटीवर हजर झालो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. लाल दिवे विझले आणि एकोणीस गाड्या पिसाळल्यासारख्या पळाल्या. मी जागेवरच. अदनान कानातल्या यंत्रातून ओरडत होता की आजोबा, निघा की. मी त्याला सांगितलं, कंडक्टरच्या डबल बेलशिवाय माझा पाय उठत नाय. खरंच उठेना गं. शेवटी तुझी आजी देवघरातली घंटा घेऊन आली आणि दोनदा वाजवली, तेव्हा निघालो.

वळणावर ओव्हरटेक केलं नाही. फेरी मारून मागून आलेल्यांना साइड दिली. एकाने मागून ठोकलं तेव्हा पंचनाम्यासाठी गाडी बाजूला घेतली, तर अदनान म्हणतो इथे कोणी थांबत नसतं. शिवाय गेममधला कोणी एक इंजिनीअर सारखा कानात इंग्रजी बोलतो. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये ही एसटीतली पाटी त्याला ऐकवली, पण त्याला वाचता येत नसावं.

विसावा नंबर आला. गाडीला नवीन ओरखडा नाही. आजीने मात्र पुन्हा घंटा वाजवायला साफ नकार दिला आहे. देवाला काय वाटेल, म्हणते.

अभ्यास कर. आमची माया आहे तशीच धरून ठेव.

तुझा,
आजोबा

पुणे, ता. ११ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांस नमस्कार.

विसातून विसावा! साइड देत होतात? मी तीन वर्षं त्या लोकांना कोपर मारून पुढे गेले आणि तुम्ही त्यांना हात दाखवून वाट दिलीत!

उपाय सांगते, चिडू नका. तुमचे कंडक्टर हिरामण आजोबा गल्लीच्या टोकाला राहतात. बावीस वर्षं त्यांच्या बेलवर गाडी चालवलीत आणि नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नाही. का, ते घरात कोणी सांगत नाही. जे असेल ते असो, त्यांना बोलवा. ही जागा गेली तर मी रडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

राग करा, पण माया पातळ करू नका.

वेदिका

सिडको, नाशिक, ता. २२ सप्टेंबर २०२५

चि. वेदिकास आशीर्वाद.

पत्र लांबेल. माझी शेवटची फेरी सटाण्याहून नाशिकची होती. गाडीला हार घातले होते. पिंपळगावच्या स्टँडवर हिरामण चहा प्यायला उतरला. इकडे डेपोत निरोप समारंभाला साहेब खोळंबलेत असा निरोप आला, आणि मी बेलची वाट न बघता गाडी काढली. हिरामण मागून कांद्याच्या पिकअपमध्ये बसून आला, तोवर समारंभ उरकला होता. माझ्यासाठी आणलेली शाल त्याच्या हातातच राहिली. मी माफी मागायची सोडून म्हणालो की चहा लवकर प्यायचा होता. तेव्हापासून तो बोलला नाही आणि मीही माझा तोरा सोडला नाही.

तुझं पत्र घेऊन त्याच्याकडे गेलो. पोरीची नोकरी धोक्यात आहे म्हटल्यावर तो टोपी घालून, बेल घेऊन आला. माझ्याकडे न बघता बसला. दुसऱ्या शर्यतीत तेरावा आलो. मग आठवडाभर रोज सराव केला आणि शनिवारी सरावात नववा आलो. तुझी जागा वाचली असं आम्ही धरूनच चाललो होतो.

काल चारला दिवे विझले, आणि हिरामणने बेल दिली नाही. आजीने दिलेला कप उचलला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि सावकाश पिऊ लागला. गाड्या एक फेरी मारून परत आल्या. अदनानचा घसा बसला. माझा पाय काही उठेना. डोळे भरून आले. मी म्हणालो, हिरामण, चुकलं माझं. त्याने बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि दोनदा बेल दिली.

विसावे आलो. तुझा करार गेला. त्याची लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू, काल मला फार बरं वाटलं. हिरामण जेवूनच गेला.

रागावलीस तरी पत्र टाक.

आजोबा

पुणे, ता. २६ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांस नमस्कार.

रडले. ठरल्याप्रमाणे, आणि भरपूर. तीन वर्षांचं करिअर एका बशीभर चहात बुडालं! मग तुमचं पत्र खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं, तर त्या हसून गादीवर लोळल्या आणि शेवट मला पुन्हा वाचायला लावला. मीही वाचला.

आता तुम्ही दोघं सगळ्यात खालच्या वर्गातून नवीन करिअर सुरू करा. खटारा गाडी मिळेल. तुम्हाला सवय आहे.

सोबत माझा रुमाल पाठवते आहे. तो स्टीअरिंगसमोरच्या खुर्चीवर टाकून ठेवा, म्हणजे जागा कोणाची ते कळेल. दिवाळीला येतेच आहे. आणि हिरामण आजोबांना सांगा, मी चढल्याशिवाय बेल देऊ नका.

तुमची,
वेदिका