पश्चिम गट

कासलबार, आयर्लंड, ५ ऑक्टोबर २००३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून पत्र.

माझं हॉस्पिटल नेहमीसारखं. तुमच्या नातीचं मात्र आठ दिवस बिनसलं आहे. सानिका यंदा कॉलेजच्या बॅडमिंटन संघाची कॅप्टन. लीगच्या पश्चिम गटात चार कॉलेजं. आता लीग वाढली, दक्षिणेत नवी कॉलेजं आली, आणि आमच्या गटातल्या लिमरिकच्या कॉलेजला तिकडे जायचं आहे. तीन कॉलेजांचा गट चालत नाही. तो मोडला की इतर दोघांना कोणीही घेईल. कासलबारला कोणी घेणार नाही, रस्ता लांबचा. म्हणजे संघच बंद. विचारलं तर इंग्रजीत सांगते, सगळं ग्रँड आहे, म्हणजे इकडच्या बोलीत ठीक. रॅकेट कपाटात सर्वांत वर टाकली आहे.

निर्णय जानेवारीत. तुम्ही जन्मभर हेच केलंत. काय करावं? रागावून का होईना, लवकर लिहा.

वृंदा

अकोला, १९ ऑक्टोबर

चि. वृंदास,
अ. उ. आ.

मला ऐकू येतं. तू पुटपुटतेस.

बावीस वर्षं मी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा अकोला विभाग सांभाळला. दर्यापूर कॉलेज तीनदा जायला निघालं, तीनदा थांबलं. कशामुळे? कागदामुळे. अंतरांचा तक्ता, नियमाचं कलम, तीन प्रती. नमुना जोडला आहे. सानिकाने स्वच्छ अक्षरात उतरवावा. तिला सांग, आजोबांच्या विभागातून एकही कॉलेज बाहेर गेलं नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहायला माझ्याकडे वेळच वेळ आहे.

बाबा

कासलबार, २४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तक्ता पाठवला. लिमरिकच्या प्रशिक्षकांना फार आवडला. त्यांनी तो जिमच्या भिंतीवर लावला, आणि जाण्याचा बेत कायम ठेवला.

शनिवारी लिमरिकचा संघ इथे आला. यजमानांनी सामन्यानंतर चहा-सँडविच द्यायची पद्धत आहे. सँडविच आणणारी मुलगी तापाने पडली, आणि सकाळी दहाला सानिका माझ्यासमोर उभी. घरात पाव अर्धा होता, बटाटे पोतंभर. ज्ञानेशने सोलले, मी वडे तळले. 'माझा जावई शल्यविशारद आहे' असं तुम्ही सगळ्यांना सांगता. बटाट्याचं निम्मं अंग सालीबरोबर जातं त्याच्या हातून.

लिमरिक हरलं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बसचा ड्रायव्हर आत येऊन सहा खाऊन गेला. जाताना प्रशिक्षकांनी विचारलं, पुढच्या वर्षीही हेच असतं का?

तब्येत सांभाळा, आणि कानाचं यंत्र पेटीतून बाहेर काढा.

वृंदा

कासलबार, १८ जानेवारी २००४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लिमरिक राहिलं! शिवाय मलिंगारने पश्चिम गटात येण्याचा अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. मलिंगार देशाच्या मधोमध आहे. अर्जात कारण दिलंय, प्रवासाची सोय. गटात आता पाच कॉलेजं. रॅकेट खाली आली. वेळापत्रकात कासलबारपुढे छापलं आहे, 'खानपान: डॉ. वृंदा'. मला कोणी विचारलं नव्हतं.

तुमचा तक्ता लीगच्या समितीने वाचलाच नाही, हे लिहायला बरं वाटत नाही. पण बाबा, तुमच्या सामन्यांना आईसुद्धा मैदानावर कढई घेऊन बसायची ना? मी लहान होते. ती काय करायची?

वृंदा

अकोला, २ फेब्रुवारी

चि. वृंदास,
अ. उ. आ.

आलुबोंडे, आणि वर ओतायला झणझणीत तर्री. आलुबोंड्यांना वडे म्हणायला तू कुठे शिकलीस?

आधीच्या पत्रात माझं एक वाक्य चुकलं. तुझी आई गेली, त्याच्या पुढच्या हंगामात दर्यापूर बाहेर पडलं. अहवालात मी अंतराचं कारण लिहिलं. अंतर आधीही तेवढंच होतं.

एप्रिलमध्ये यायचं म्हणतो. सानिकाचा सामना घरच्या मैदानावर असेल, त्याच आठवड्याचं तिकीट काढ. तर्री मी करीन. कृती माझ्याकडे आहे, तिच्या अक्षरात. अंतरांच्या तक्त्यामागेच लिहिलेली होती.

बाबा