नदीकाठचा क्रूस

बारा दो आंजिको,
१२ सप्टेंबर

प्रिय ओलेगारियो दादा,

आईच्या देव्हाऱ्यात मारियामातेपुढे रोज तुझं नाव घेतो, म्हणून तू साओ पावलोत सुखरूप असशील असं धरून चालतो. इथे शेळ्या बऱ्या आहेत. पाऊस नाही.

आपल्या थोरल्या भावाचं, बेलार्मिनोचं, नाव शाळेला दिलं. वाचक लांबून येतात आणि आधी नदीचं वळण विचारतात. त्याच्या कादंबरीत होडी उलटून तू जिथे बुडालास, तिथे गावाने क्रूस रोवला आहे. येणारा-जाणारा दगड ठेवतो, नवस बोलतो. दुकानवाल्या जेनेरोजाला मी म्हटलं, "काकू, माझा भाऊ जिवंत आहे हो!"

"असू दे की! माझी हरवलेली शेळी त्यानेच शोधून दिली. तू त्याला इकडे आणू नकोस बाबा, मग नवसाला पावणार कोण?"

तेव्हा मीही हसलो होतो.

आता बेलार्मिनोची आठवण गेली आहे. पुस्तक आपण लिहिलं हेच तो विसरला. पुस्तकात घडलं तेवढंच त्याच्या लेखी खरं उरलं. दर सोमवारी, मृतात्म्यांच्या वारी, तो मला तुझ्यासाठी मेणबत्ती लावायला सांगतो. मी लावतो. जिवंत माणसासाठी! देव काय म्हणत असेल?

"होडी मी उलटवली, झेनोबियो," एवढंच बोलतो. ताट तसंच राहतं. तुझा फोटो दाखवला, तर म्हणाला, "किती तरणाताठा गेला रे!"

त्याने पुस्तकात जिवंतपणी मारलं म्हणून तू गाव सोडलंस. तुझा राग खोटा नव्हता.

लिहायचं टाळत होतो, ते लिहितो. परवा तो तुला बाहेर काढायला नदीत उतरला. गळ्यापर्यंत पाणी. मी कपड्यांनिशी उडी घेतली, ओढून काठावर आणला. माझ्या मानेला मिठी मारून म्हणाला, "ओलेगारियो? आलास?"

मी "हो" म्हटलं.

त्या संध्याकाळी मक्याचा कुसकुस पोटभर जेवला. मग माझा हात धरून, पुस्तक अचानक आठवल्यासारखा म्हणाला, "तुला मारल्याशिवाय मला गोष्ट संपवता येईना. माफ करशील?"

मी हात सोडवून घेतला. तुझं नाव उसनं घेतलं होतं, तुझी माफी कुठून आणू? तेव्हापासून तो पुन्हा उपाशी आहे. पुन्हा नदीत उतरू नये म्हणून मी दाराला बाहेरून कडी घालतो, तर तो आतून दार ठोठावत राहतो.

दादा, माफ करू नकोस हवं तर. शिव्या दे. पण तुझ्या तोंडाने दे, त्याच्यासमोर उभा राहून. मिळेल त्या बसने ये.

तू येईपर्यंत तुझ्या नावाला ओ देणारा,
झेनोबियो