वाळत घातलेली रायफल

२ नोव्हेंबर, रविवार
वही उन्हाळ्यातच घेतली होती. जून गेला, सप्टेंबर गेला, पान कोरंच. पेन नीट चालत नव्हतं. आता रोज लिहिणार. कारण मोठं आहे: आजोबांनी हरणांच्या शिकारीच्या सीझनसाठी त्यांची रायफल माझ्या हातात दिली. म्हणाले, "टाउनो, पंधरा तारखेला कॅम्पवर बघतो. नीट सांभाळलीस तर तुझी. नाहीतर मार्टाची." मार्टा म्हणजे मामेबहीण. नेम बरा आहे तिचा. बाकी विशेष काही नाही.

४ नोव्हेंबर
संकल्प: रोज तासभर नेमबाजी.
पण रायफलीचा अक्रोडाचा दस्ता फारच चमकतो. चाळीस वर्षं तेल चोळलंय आजोबांनी. हरणं काय आंधळी आहेत? कॅमोफ्लाज हवाच. घरच्या घरी करू. अलास्कात असताना एकाला होडी रंगवताना पाहिलंय. म्हणजे अनुभव आहे.

७ नोव्हेंबर
नेमबाजी उद्यापासून.
आज हिरवा स्प्रे, त्यावर नेच्याची पानं ठेवून तपकिरी स्प्रे. अप्रतिम. मार्टा डोकावली. म्हणे, कायद्याने शिकाऱ्याच्या अंगात भडक नारिंगी जॅकेट हवंच, आणि तू लपवतोयस बंदूक? म्हणाली, "हरणाला वाटेल, संत्र्याला पाय फुटले!" मग विचारलं, आधी तेल पुसलं होतंस ना? जळते, दुसरं काय.

१० नोव्हेंबर
रंग ओलाच. हवा दमट आहे.

१२ नोव्हेंबर
अजून चिकट. रात्री मांजर दस्त्यावर झोपलं. केस निघत नाहीत. खऱ्या प्राण्याचे केस! उलट बरंच झालं.
नेमबाजी: हाताला रंग, म्हणून नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी २
सुचलं! सौना, आमची घाम काढायची वाफेची न्हाणी. एवढी गरम खोली अंगणात उभी असताना मी वाऱ्याची वाट बघतोय! शेगडीत बर्चची लाकडं घातली, रायफल वरच्या बाकावर. गोळ्या मामाकडे, त्यामुळे धोका शून्य. शनिवारशिवाय आमच्याकडे सौना कोणी तापवत नाही, तेव्हा निवांत.

३.३०
रंगाला फोड आलेत. हुबेहूब झाडाची साल. ठरवूनही जमलं नसतं.

४.१०
उचलायला गेलो. बाकाची फळीही सोबत येतेय.

४.२५
अंगणात गाडी. ऑर्व्हो मामा! आज गुरुवारी? तिथूनच ओरडतोय, "धूर दिसला म्हणून वळलो रे!" चिमणीतून धूर दिसला की न विचारता टॉवेल घेऊन यायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्याच डोक्यातून कसं गेलं? मामाला थोपवेन. पोट बिघडलंय म्हणेन. खोपटातली लाकडं दाखवेन.
गाडीचं दुसरं दार उघडलं. आजोबा. आज त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं वाटतं. शर्टाची बटणं काढतच येतायत. मामा सांगतोय, "बाबा, सावकाश."
वरचा बाक नेहमी त्यांचाच असतो.