निद्रेच्या दिवसांतली फायनल

२४ सप्टेंबर, मंगळवार

डॅशर्स प्लेऑफला गेले. चौथ्या नंबरानं, रडतखडत, पण गेले. आधी आमच्या घरात कळलं, कारण रणधीर त्यांच्याकडून खेळतो. (नवऱ्याचं नाव इथं बिनधास्त लिहिते. तोंडानं 'अहो', वहीत रणधीर.) मग लगेच सगळ्या गावाला, कारण सिदूचा ग्रुप. सिदूचं मोबाइलचं दुकान आहे, पण खरा धंदा खो-खोचा. लीग सुरू झाली की दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी हा मॅचचंच बोलतो. चावडीसमोर मोठा पडदा लावणार आहे म्हणे. टी-शर्ट तालुक्याला, लोहाऱ्यात छापायला दिलेत, पाठीवर रणधीरचा नंबर.

आणि नेमकी आजच तुळजापूरची देवी निद्रेला गेली. आता घटस्थापनेपर्यंत पलंगावर. सासूबाईंनी गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या, सगळ्यांनी खाली झोपायचं. त्याचं मला काही नाही, माझं माहेर तुळजापूरच. पण या गावात वर आणखी एक आहे — देवी झोपलेली असताना नवस बोलायचा नाही. देवीची परडी घेणाऱ्या शांताक्का मुद्दाम चावडीवर जाऊन पोरांना बजावून आल्या, "बघा, वरडा, नाचा. पण तिच्याकडं मागू नगा. झोपल्याली हाय ती." पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. प्लेऑफ, आणि नवस नाही!

२६ सप्टेंबर

एलिमिनेटर जिंकलो. 'जिंकलो' असंच लिहिलं गेलं, जशी काय मीच पळत होते.

बायका मागं, पुरुष पुढं, पडद्यावर रणधीर. बचावाला उतरला की हा सापडतच नाही. शेवटी खांबाला वळसा घालताना त्याचा डावा पाय मागं राहिला. अगदी जरासा. सगळे टाळ्या पिटत होते. मी पिटल्या नाहीत.

फोन आला तेव्हा विचारलंच. आधी हसला. मग म्हणाला, "गुडघ्यात करकर वाजतंय. कुणाला बोलू नको."

२७ सप्टेंबर

सूज आहे. बर्फ लावतोय. टीमच्या फिजिओला सांगितलेलं नाही. का, तर बसवतील!

२८ सप्टेंबर, शनिवार

क्वालिफायर पण जिंकली. फायनल मंगळवारी, पुण्यात.

गाव वेडं झालंय. हलगी नको म्हणून शांताक्का ओरडत होत्या, तरी वाजलीच. सासऱ्यांना पोरांनी खांद्यावर घेतलं. ते बिचारे "उतरवा रे, धोतर सुटंल" म्हणत होते. जो तो मला येऊन सांगतो, "वहिनी, आपलं पोरगं पोलादाचं हाय." पोलादाच्या पोरानं मोज्याखाली पट्टी बांधली होती. एकाच्याही नजरेला पडली नाही.

फोनवर भांडलो. मी म्हटलं, नोव्हेंबरात पोलीस भरतीचं पळणं आहे. खेळाडूंच्या कोट्यातली ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी वयात बसत नाही. ती नोकरी लागली तर घर उभं राहतंय. फायनलचा कप काय आपल्या घरी येणार आहे का? तर म्हणाला, "गावाला काय तोंड दाखवू? बसून राहिला म्हणतील." मी म्हटलं, मीच सांगते तुमच्या फिजिओला. त्यावर एकदम आवाज चढवून, "माझी शपथ हाय तुला."

शपथ मोडली की ज्याची घेतली त्याला लागते म्हणतात. मी असलं मानत नाही. मानत नाही, तरी भाकरी थापताना दोनदा मोडली.

२९ सप्टेंबर

सिदू आला होता. यंदा तुळजापूरहून गावची ज्योत पळत आणायची ती रणधीरनं! फायनल झाली की रातोरात गाडीनं तुळजापूर, मग बाकी पोरं आळीपाळीनं पळतील आणि शेवटचा टप्पा तो पळेल. येशीत ज्योत हातात घ्यायचा मान सासऱ्यांचा आहे, त्यांच्या वडिलांपासून. "बाप घेणार, लेक देणार. काय फोटू येतोय बघा वहिनी," सिदू म्हणाला.

याला फोटो पाहिजे. मला त्या गुडघ्याशिवाय काही दिसत नाही.

सांजच्याला सासऱ्यांना चहा दिला आणि आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, पाय दुखत असला तर खेळाडूनं खेळावं का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, बशी खाली ठेवली. म्हणाले, "बैल लंगडत असला तर आपण औताला धरत न्हाय." एवढंच. पुढं काही विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही.

३० सप्टेंबर

केला फोन, गोठ्यामागं जाऊन. मॅनेजरचा नंबर घरी होता. डावा गुडघा, सूज, चार दिवस लपवलंय, सगळं सांगितलं. माझं नाव घेऊ नका म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही कोण बोलताय?" मी ठेवून दिला.

जेवण गेलं नाही.

२ ऑक्टोबर, सकाळ

काल हरलो. दोन गुणांनी.

रणधीर ट्रॅकसूट घालून बाकावर बसलेला दाखवला तेव्हा चावडीवर आधी कुणाला कळलंच नाही. सिदू म्हणत राहिला, "दुसऱ्या डावात उतरवतील, राखून ठिवलंय." दुसरा डाव पण गेला. शेवटी त्यांच्या पोरानं सूर मारून आपला शेवटचा गडी टिपला आणि संपलं. कुणीतरी पडद्याची वायर उपसली. मोठी माणसं रडत होती. त्या अंगावरच्या नव्या टी-शर्टांकडं बघवत नव्हतं.

मला एकीकडं वाटत होतं, सुटला. आणि दुसरीकडं त्या बाकावरचं त्याचं तोंड. तो कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता.

तासाभरात दहा-बारा जण दारात. सिदू पुढं. टीममधल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं — रणधीरला बसवला तो घरून फोन आला म्हणून, आणि आवाज बाईचा होता. सिदू मला वहिनी न म्हणता बोलला, ते पहिल्यांदाच. "तुमीच केला ना?"

सासूबाई माझ्याकडं, मी जमिनीकडं.

सासरे ओट्यावर बसले होते. उठले. म्हणाले, "तिला काय विचारता? चूक माझी हाय. शनवारच्या मॅचला म्या नवस बोललो. देवी झोपल्याली असताना. पोराला फायनल जिंकव म्हणून मागितलं तिला. तिनं त्यालाच बसवलं."

मग शांताक्का मागून पुढं आल्या. "ज्ञानोबा, तुमी? तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं?" आणि कपाळावर हात मारला. झालं! फोनचं कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. देवी कोपली म्हटल्यावर फोन कुणी का करेना. सगळ्या गावाचं हरणं सासऱ्यांच्या अंगावर आलं. कुणी म्हातारचळ म्हणालं, कुणी त्याहून वाईट. त्यांना खांद्यावर घेणारीच पोरं होती ती. शेवटी सिदू म्हणाला, "परवा ज्योतीला तुमी येशीत उभं राहू नगा."

सासरे म्हणाले, "बरं."

मी वाचले. लाज वाटते लिहायला, पण पहिलं मनात आलं ते हेच. नंतर सासऱ्यांचा राग आला. काय गरज होती नवस बोलायची?

३ ऑक्टोबर, घटस्थापना

पहाटे ज्योत आली. येशीत सिदूच्या चुलत्यानं घेतली. हलगीचा आवाज घरापर्यंत येत होता. सासरे अंघोळ करून, धुतलेला फेटा बांधून खाटेवर बसून राहिले. फेटा कशाला बांधला, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. आवाज थांबल्यावर त्यांनी तो सोडला, घडी घालून ठेवला.

रणधीरचा फोन आला. दवाखान्यातून. गुडघ्यातली गादी फाटलीय. नोव्हेंबरात पळणं नाही. म्हणजे भरती पण गेली. फायनल खेळला असता तर जन्माचा लंगडा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले म्हणे, पण ते त्यानं असं सांगितलं जसं दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. मग म्हणाला, "आवाज बाईचा होता, असं मॅनेजर म्हणाला. आईला फोन लावता येत न्हाय."

मी म्हटलं, "मीच."

"गावात बापाला तोंड लपवून बसावं लागलं, आणि इकडं माझी बायको." एवढं बोलून ठेवला. परत लावला, बंद.

नोकरी गेली, कप गेला, मान गेला. पाय तेवढा राहिला. त्यासाठीच केलं होतं ना? मग बरं का वाटत नाही?

४ ऑक्टोबर

ज्वारी निवडता निवडता मी सासूबाईंना बोलून बसले, मामांनी तेवढा नवस बोलायला नको होता. त्यांनी सूप खाली ठेवलं. "कसला नवस? मला लेकरू होत नव्हतं तवा सगळं गाव मागं लागलं हुतं, तरी ह्ये नवस बोलले न्हाईत. जन्मात न्हाय."

तशीच उठून मागं गेले. सासरे गुरांना वैरण टाकत होते. मी "मामा" म्हटलं. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"गोठ्यामागं बोललेलं सगळं आत ऐकू येतं पोरी. पुढच्या बारीला रानात जाऊन बोल."