तीन द्रोणांतलं शेण

वहिनी,

परसात मी तीन गाईंचं शेण तपासणीसाठी तीन द्रोणांत वेगळं ठेवलं होतं. ते तुम्ही एकत्र कालवून पडवी सारवलीत. वर म्हणालात, "शेणाला कसली आलीत नावं, वन्सं!"

घमेल्यात उरलेल्या शेणात जंतांची अंडी दिसली, पण ती कुठल्या गाईची ते आता कळायचं नाही. दादा तिघींनाही औषध पाजायला निघाला आहे. त्याला थांबवा. औषध जहाल आहे, गाभण कपिला उगाच गाभडेल.

गुरांच्या डॉक्टरांचा सूक्ष्मदर्शक आज परत द्यायचा होता. आणखी एक दिवस मागायला मी मांडवीला डॉक्टरांकडे जाते. तोवर गोठ्यातल्या शेणाला हात लावू नका.

मला पाहायला येणारी मंडळी मी परतण्याआधीच पोचली, तर खरं तेच सांगा. मुलगी शेण तपासते.

दमयंती