इतर लक्षणांशी ताडून पाहावे

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. सकाळी चालणे. हिला फोन न करणे. कुणाबद्दल वाईट न लिहिणे.

ही सध्या तिच्या मावशीकडे आहे. विश्रांतीसाठी. आठ महिने झाले. जाताना शिलाई मशीन घेऊन गेली. विश्रांतीला शिलाई मशीन कशाला लागतं रे, असं ताई विचारते. ताईला प्रश्न विचारायची सवय आहे. (तिसरा संकल्प मोडलेला नाही. हे वाईट नव्हे, निरीक्षण आहे.)

लॅबमध्ये आज काम कमी, बोलणं जास्त. कुठलीशी वेबसाइट आहे. लग्न झालेल्यांनी गुपचूप दुसरं कुणी शोधावं, यासाठी. ती कुणी तरी फोडली आणि सगळ्या सभासदांची यादी बाहेर टाकली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आता कळेल कोण किती पाण्यात आहे ते. डॉक्टर म्हणाले, बाई, आपल्याकडे लोकांचं रक्त येतं, रक्ताचं बोला.

बावीस वर्षं रक्त तपासतो. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला कधी सांगितला नाही. एकदा एक वडील मुलीचा रिपोर्ट मागायला आले, रडले, तरी दिला नाही. नियम म्हणजे नियम. ज्याचं नाव, त्याच्या हातात.

यादी पाहणार नाही.

४ मार्च, मंगळवार

यादी पाहिली. न पाहता विरोध करणं अप्रामाणिक ठरलं असतं.

एक पान आहे. त्यात ईमेल टाकायचा. आहे किंवा नाही, एवढंच उत्तर येतं. माझा टाकला. नाही. साहजिक आहे. जरा वगळल्यासारखं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतं.

विषय संपला. चालायला गेलो नाही, पावलं दुखत होती.

५ मार्च, बुधवार

विषय एका तांत्रिक कारणासाठी पुन्हा काढावा लागला.

रोज सकाळी पेशंटचे नमुने लावण्याआधी आम्ही एक नमुना लावतो, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच यंत्रावर विश्वास ठेवायचा. काल मी कंट्रोल न लावताच निष्कर्ष काढला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कंट्रोलसाठी असा पत्ता हवा, जो यादीत असणारच. हिचा घातला.

नाही.

हिचा जुन्या ऑफिसचा पत्ता घातला. नाही. माहेरच्या आडनावाचा एक होता, तोही घातला. नाही.

याचा अर्थ यादी अपुरी आहे. अर्धवट माल. चोरांकडून आणखी कशाची अपेक्षा करणार.

७ मार्च, शुक्रवार

एक्स-रेवाल्याने पूर्ण यादी पेनड्राइव्हवर दिली. मी मागितली नव्हती. घ्या, रोज विचारताय म्हणून आणली, असं तो म्हणाला. मी रोज विचारत नव्हतो. दोनदा विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत चाळली. फक्त ओळखीची नावं वाचायची, असा नियम केला. अनोळखी माणसांच्या खासगी आयुष्यात डोकावणं बरं नव्हे.

दाजी आहेत.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. चूक होणं शक्य नाही, कारण तो ईमेल मीच त्यांना उघडून दिला होता, पेन्शनच्या फॉर्मसाठी. पासवर्डही मीच सुचवला होता. सभासद झाल्याची तारीख पाच वर्षांपूर्वीची. साइटला शेवटची भेट चार वर्षांपूर्वीची. त्यानंतर काही नाही. हा शेवटचा तपशील गौण आहे.

डबा तसाच परत आणला.

९ मार्च, रविवार

दर रविवारी दुपारचं जेवण ताईकडे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून मी ताईच्याच हातचं जेवत आलो. हल्ली आठवड्यात माणसाशी बसून बोलणं होतं ते इथेच. बाकी दिवस मी नमुन्यांमध्ये असतो.

दार नेहमीप्रमाणे दाजींनी उघडलं. या साहेब, रक्तपिपासू आले, असं म्हणाले. हे ते बावीस वर्षं म्हणतात.

ताईचा तीन महिन्यांचा शुगरचा रिपोर्ट नेला होता. तिला बारीक अक्षरं दिसत नाहीत. दाजी पाकीट फोडून तिला बातम्यांच्या आवाजात वाचून दाखवतात. आजही दाखवला. साखरेच्या भावात किंचित घट, असं म्हणाले. ताई हसली.

मग इन्शुलिन. बाटली तळहातात धरून बसतात, थंड टोचू नये म्हणून. ताईचा दंड चिमटीत धरतात. एक, दोन म्हणतात आणि दोनलाच सुई घालतात. ताई विचारते, तीन कुठे गेला. दाजी म्हणतात, तीन उद्यासाठी ठेवला. रोज प्रत्येक जेवणाआधी हेच.

आज मला ते आवडलं नाही. तंत्रही सदोष आहे. सुई काढायची घाई करतात.

जेवताना ताईने विचारलं, हिला फोन केलास का. मी म्हणालो, न करण्याचा संकल्प आहे. ताई म्हणाली, वा. तुझं बरोबरच असतं नेहमी. तुझ्याशी बोलायचं म्हणजे नमुना द्यायला बसल्यासारखं वाटतं, आता काय निघतंय कोण जाणे. दाजी म्हणाले, अगं, जेवू दे त्याला.

त्यांनी माझी बाजू घ्यावी, हे मला फार लागलं.

१० मार्च, सोमवार

प्रश्न असा. रिपोर्ट ज्याच्या नावाचा, त्याच्या हातात. नाव दाजींचं आहे. पण आजार ताईच्या घरात आहे. मग रिपोर्ट कुणाचा?

डॉक्टरांना आडून विचारलं. समजा, पेशंट पॉझिटिव्ह आला, पण कंट्रोल चुकला, तर? डॉक्टर म्हणाले, तर रिपोर्ट बाहेर जात नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. मी म्हणालो, प्रश्न केवळ तात्त्विक आहे. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आज लवकर घरी जा. मी म्हणालो, घरी जाऊन काय करू. हेही तात्त्विकच होतं.

काउंटरवरच्या बाईंनी बातमी आणली की यादीतल्या एका शिक्षिकेने शाळा सोडली. मुलांनी फळ्यावर काही लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, बरं झालं. मला वाईट वाटलं. लोकांना संवेदनशीलता राहिलेली नाही. सांगायचं तर योग्य व्यक्तीला, योग्य शब्दांत आणि बंद पाकिटातून.

१२ मार्च, बुधवार

पत्र लिहिलं. अकरा मसुदे झाले. शेवटचा असा:

आपले पती सोबत जोडलेल्या यादीतील वेबसाइटचे सभासद असल्याचे आढळले आहे. आपणास अंधारात ठेवणे योग्य वाटले नाही. सदर निष्कर्ष इतर लक्षणांशी ताडून पाहावा. एक हितचिंतक.

तिसरं वाक्य आमच्या प्रत्येक रिपोर्टखाली असतं. सवयीने आलं. ठेवलं. त्याने पत्राला समतोल येतो.

सही केली नाही. खाली नाव लिहिलं की माणूस मोठेपणा घेतो. मला श्रेय नको.

१३ मार्च, गुरुवार

पत्र तीन घड्या घालून, खिडकीच्या पाकिटात घालून ताईच्या इमारतीतल्या पेटीत टाकलं. खिडकीत फक्त नाव. शिवाय वय ५८, स्त्री. पाकिटावर एवढं तरी असावंच लागतं.

हलकं वाटतं आहे. परतताना चाललो. पहिला संकल्प सुरू.

१५ मार्च, शनिवार

अजून काही नाही. ताई विचार करत असेल.

ती इथे राहायला आली तर शिलाई मशीनची खोली तिला देता येईल. रिकामीच आहे. मशीनच्या पायांचे चार डाग फरशीवर आहेत, ते घासले, गेले नाहीत. त्यावर तिची खाट येईल. खिडकीला पडदा आणला. फिकट हिरवा, ताईला आवडतो. इन्शुलिन मी देईन. मी तर यातला माणूस आहे. संध्याकाळी दोघं चालायला जाऊ. ती प्रश्न विचारेल, मी उत्तरं देईन.

हे सगळं तिच्यासाठी आहे.

१६ मार्च, रविवार

दार ताईने उघडलं.

दाजी नव्हते. शुक्रवारी भावाकडे गेले, असं ती म्हणाली. मी बसलो. तिने पाणी दिलं. मी विचारलं, काही झालं का.

ती म्हणाली, पाकीट आलं होतं. तुझ्या लॅबचं वाटलं. मी यांच्याच हातात दिलं, नेहमीसारखं. यांनी बातम्यांच्या आवाजात सुरुवात केली. आपले पती, असं म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, गंमत करतायत. मी म्हणाले, पुढे वाचा की.

मी म्हणालो, असं पत्र कोण पाठवेल. ताई म्हणाली, माझं वय कोण लिहील रे पाकिटावर.

मी सत्याबद्दल बोललो. सात-आठ वाक्यं. तिला हक्क आहे, असं म्हणालो. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला चार वर्षांपासून माहीत आहे. यांचा फोन पाहिला होता मी. बोलायचं कसं, याचा आठवडाभर विचार करत होते. आणि एक दिवस हे घरी आले आणि म्हणाले, उद्यापासून नर्सला बोलावू नकोस, सुई मी देईन. हात धुऊन शिकले. माझ्याआधी स्वतःच्या मांडीवर टोचून पाहिली. मला कळलं, ते तिकडचं संपलं. मग मी बोललेच नाही. मला माहीत आहे, हे यांना माहीत नव्हतं. त्याच्यावर आमचं छान चाललं होतं.

मी म्हणालो, पण ते खोटं होतं. ती म्हणाली, असेल. माझं होतं. तुला कुणी तपासायला दिलं होतं?

शुक्रवारी सकाळी दाजींनी बाटली तळहातात धरली. दंड धरला. एकसुद्धा म्हणता येईना. बाटली ठेवली आणि बॅग भरली.

मी म्हणालो, माझ्याकडे चल. पडदा आणला आहे. तिने घड्याळाकडे पाहिलं.

तिची सुईची वेळ झाली होती. काल तिने स्वतः घेतली, दंडावर काळंनिळं पडलं होतं. मी म्हणालो, दे, मी देतो. दिली. नियमाप्रमाणे तीनपर्यंत मोजलं, सुई सरळ, वेग योग्य. इतकी चांगली सुई तिला चार वर्षांत मिळाली नसेल.

ताई रडायला लागली. मी विचारलं, दुखलं का. ती म्हणाली, नाही रे. काही दुखलं नाही.

निघताना म्हणाली, पुढच्या रविवारी येऊ नकोस. मी विचारलं, त्याच्या पुढच्या? तिने दार हळूच लावलं.

१८ मार्च, मंगळवार

शांतपणे विचार केला. दोष वेबसाइटचा आहे. यादी फोडणाऱ्यांचा आहे. पेनड्राइव्ह एक्स-रेवाल्याचा होता. पाकीट ताईने स्वतः दुसऱ्याच्या हातात दिलं. माझा संबंध फक्त घडीपुरता येतो.

दाजींना फोन केला. उचलला नाही. चार वेळा.

२० मार्च, गुरुवार

हिचा फोन आला.

संकल्प फोन न करण्याचा होता, न उचलण्याचा नव्हता. पहिल्याच रिंगला उचलला. ताईने तिला सगळं सांगितलं होतं. ही चिडली नाही. तिच्या मागे मशीन थांबल्याचा आवाज आला. म्हणाली, एक विचारू? माझं नाव शोधलंत का तुम्ही यादीत?

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, किती वेळा?

मी म्हणालो, तीन. आणि लगेच कंट्रोल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं, असा नमुना. तिने मध्ये न बोलता ऐकलं. पूर्वीही ऐकायची. मग म्हणाली, सापडलं असतं तर बरं वाटलं असतं ना तुम्हाला. मी म्हणालो, निदान कारण कळलं असतं. ती म्हणाली, तुमचं जेवण होतं ना वेळेवर? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, मग ठेवते.

मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. मग फोन बंद झाला.

२३ मार्च, रविवार

दुपारी साडेबाराला कपडे घालून तयार झालो. मग आठवलं.

पडदा लावला. आखूड आहे. खिडकी मोजायची राहिली होती.

जेवण उभ्यानेच केलं. नंतर पूर्ण यादी उघडली. या वेळी पद्धतशीर. कंट्रोल म्हणून दाजींचा ईमेल घातला. उत्तर माहीत होतं. आहे. म्हणजे शोध बरोबर चालतो आहे. यादीत कुठे खंड आहे का, ते तारखेने पाहिलं. नाही. यादी पूर्ण आहे.

मग हिचा घातला. तिन्ही पत्ते, एकेक करून, सावकाश.

आढळले नाही.

आढळले नाही.

आढळले नाही.

इतर लक्षणांशी ताडून पाहिलं.

ही कुणाकडे गेली नव्हती. इथून गेली होती.